आईच्या बांगड्या शार्प, बोटं आउट

वाचकाचं पत्र:

"काका, सप्रेम नमस्कार. मी सासवडचा, वय २७. सीझनमध्ये लग्नाच्या ऑर्डरींवर दुसऱ्या कॅमेऱ्याला जातो, बाकीचे दिवस मोकळा असतो. गेल्या दिवाळीपासून स्टॉक साइटवर, म्हणजे जिथे फोटो विकायला ठेवतात तिथे, फोटो टाकायला लागलो. आतापर्यंत ४४ टाकले, ३९ रिजेक्ट झाले. दर वेळी एकच छापील वाक्य येतं, 'गुणवत्तेच्या त्रुटी'. कोणती त्रुटी, फोटोत कुठे, काही सांगत नाहीत. याच फोटोंना इन्स्टावर चारशे-पाचशे लाइक आहेत. माझ्या मित्राचे याहून साधे फोटो पास झाले. आपल्याकडचे म्हणून मुद्दाम नाकारतात का? ओळखीचे सगळे म्हणतात, किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सवर, स्टॉक होत नाही, फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला फुल फ्रेम कॅमेरा घे. १ लाख ४० हजारांचं कर्ज मंजूर होतंय. घेऊ का? चार विषयांचे फोटो मूळ फाइलींसकट पाठवतोय. तुमचा, कंटाळलेला."

अरे कंटाळलेल्या,

कर्ज घेऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

मूळ फाइली पाठवल्यास हे फार बरं केलंस. बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ढकलतात आणि विचारतात, काका, यात काय वाईट आहे? व्हॉट्सअ‍ॅपने तोवर त्या फोटोचा भुगा केलेला असतो, त्यात मी काय शोधणार?

तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे एका फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके. तुझा लॅपटॉप साधाच असणार, १३६६ बाय ७६८ चा. त्याच्या पडद्यावर मावतात साडेदहा लाख. पूर्ण फोटो पडद्यावर बघतोस तेव्हा लॅपटॉप दर तेवीस ठिपक्यांचा मिळून एक करून दाखवतो. थोडा हललेला, थोडा आउट, म्हणजे फोकस चुकलेला फोटो या दाबादाबीत छान शार्प होऊन बसतो. मोबाइलवर तर विचारूच नकोस. तुझे चारशे लाइक त्या आक्रसलेल्या फोटोला आहेत. तपासणारा माणूस तोच फोटो शंभर टक्क्यांवर उघडतो. म्हणजे फोटोतला एक ठिपका, पडद्यावरचा एक ठिपका. तुझ्या पडद्यावर तेवीस खिडक्या होतील एवढा मोठा. घेणाऱ्याला तो कदाचित होर्डिंगवर लावायचा असतो, कदाचित त्यातला एक कोपरा कापून वापरायचा असतो. त्याला काय हवं असेल ते तपासणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो सगळंच बघतो.

हे काही आजचं नाही. नव्वदच्या दशकात मी पुण्यातल्या एका मासिकाच्या ऑफिसात ३६ स्लाइड घेऊन गेलो होतो. तिथल्या चित्रसंपादकाने त्या लाइट बॉक्सवर मांडल्या, डोळ्याला लूप, म्हणजे छोटं भिंग, लावला आणि तोंडातून एक शब्द न काढता ३१ डावीकडे सरकवल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी चिडून म्हटलं, "अहो, नीट बघा तरी." त्याने लूप माझ्या हातात दिला. मी बघितलं आणि गप्प बसलो. शंभर टक्के म्हणजे तोच लूप, आता प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये फुकट आलेला. तू तो लावून बघितलेला नाहीस, एवढाच तुझा गुन्हा. मी बघितला तो लूप लावून.

भाकरीचा फोटो आधी घेतो, कारण तो मला आवडला. आई परातीत भाकरी थापतेय, हातात हिरव्या बांगड्या, मागे काळा तवा. कॅमेऱ्याने फाइलीत लिहून ठेवलंय: ५५ मिलिमीटर, एफ/५.६, १/४०, आयएसओ ३२००. म्हणजे क्रमाने लेन्सची लांबी, तिच्या भोकाचं माप (आकडा मोठा तितकं भोक बारीक), शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं ते, आणि कॅमेऱ्याने उजेड किती वाढवून घेतला ते. शंभर टक्क्यांवर उघडला. बांगड्या कशा, काचेवरचा चरा मोजावा इतक्या शार्प. बोटं आउट, आणि वर हललेली.

तू फोकसचे सगळे पॉइंट चालू ठेवून कॅमेऱ्यालाच निवडायला सांगितलंस. त्याने जे जवळ होतं आणि चमकत होतं ते पकडलं. एक मीटरवरून ५५ ला एफ/५.६ वर तुझ्या कॅमेऱ्यात जेमतेम सात सेंटीमीटर खोलीचा पट्टा फोकसमध्ये राहतो, आणि मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत झाले पंधरा-सोळा. बांगड्यांवर बसलेला फोकस बोटांपर्यंत पोचणारच नव्हता. पॉइंट एकच ठेव, मधला, आणि तो पिठाला टेकलेल्या बोटांवर धर. आता हलण्याचं. लेन्सच्या स्टॅबिलायझरने तुझा हात सावरला, आईचा कोण सावरणार? थापणारा हात १/४० ला थांबत नाही. १/२५० पाहिजे.

तिसरी गोष्ट मला सर्वात लागली. फोटो अंधारा आला म्हणून तू एडिटिंगमध्ये सावल्या दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उचलल्यास. ३२०० वर दोन स्टॉप म्हणजे १२,८०० वर काढल्यासारखंच झालं. काळ्या तव्यावर लाल-हिरवी रांगोळी उठली. ती दिसली म्हणून नॉइज, म्हणजे हेच रंगीत दाणे, कमी करायची पट्टी साठच्या पुढे ओढलीस. रांगोळी गेली, पण जाताना आईच्या हातावरची लव घेऊन गेली, पिठाचे कण घेऊन गेली, कातडीच्या रेषा घेऊन गेली. उरला तो मेणाचा हात. तपासणाऱ्याला नॉइज दिसला असता तरी त्याने नाकारला असता, आता मेण दिसलं म्हणून नाकारला. आधी अंधार, मग उजळणं, मग पुसणं: एकाच चुकीच्या या तीन पायऱ्या, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात फोटोंत हेच असतं.

यावर उपाय कॅमेरा बदलण्यात नाही, परात उचलण्यात आहे. तुमच्या घराला ओसरी असेलच. सकाळी नऊच्या सुमारास परात तिथे सावलीत ठेव. ट्यूबलाइटच्या स्वयंपाकघरापेक्षा तिथे कितीतरी पट उजेड असतो. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तेच एफ/५.६, पण आता १/२५० आणि आयएसओ ४००. सावल्या उचलायचं कामच उरत नाही. शिवाय खिडकीचा निळा उजेड आणि ट्यूबचा हिरवट यांची जी खिचडी परातीच्या काठावर झालीय, ती टळते. (एलईडी बल्बखाली काढायचीच वेळ आली तर शटर १/१०० किंवा १/५० ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, शटर त्याहून वेगवान ठेवलं की फोटोत काळपट पट्टे येतात. म्हणजे हलणारा हात तिथे काढूच नये.) आईला दोन दिवस त्रास दे. ती नाही म्हणणार नाही.

आता जेजुरी. सोमवतीला पालखी निघतानाचा भंडारा, दोन फ्रेम. पहिली लांबच्या लेन्सने, ५५-२५० वर. उधळलेला भंडारा हवेत आहे, त्याखाली माणसं आहेत, बघताक्षणी अंगावर येतो. मोठा केला आणि भंडाऱ्याच्या जागी नुसता पिवळा रंगाचा डबा ओतल्यासारखा सपाट डाग. एक कण दिसत नाही. तू म्हणशील, हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तर बरोबर होता. होता, पण तू बघितलास तो एकूण उजेडाचा. हळदीच्या पिवळ्यात लाल रंग काठोकाठ भरतो, हिरवाही बराच वर असतो आणि निळा जवळजवळ रिकामा असतो. तिन्हींचा मिळून आलेख काठाच्या आत दिसतो आणि आपण निर्धास्त राहतो, तिकडे लाल केव्हाच उतू गेलेला असतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम असतो, तो लाव. भंडारा, ज्योतिबाचा गुलाल, झेंडूची रास, असलं काही समोर असलं की रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलीत, काढ आणि एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेव. आणि एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवू नकोस रे बाबा. भंडाऱ्याला आणखी पिवळं करायला निघालास?

बाकी या फ्रेमला २५० वर १/२०० शटर आहे. तुझ्यासारख्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर (क्रॉप बॉडी) तिथे निदान १/४०० लागतं. तेही आहेच.

दुसरी फ्रेम १८-५५ या किट लेन्सवरची. ती फोटो म्हणून बेताची, पण तिच्यातल्या नोंदीने मला तुझं एक गुपित कळलं. पहिल्या फ्रेमची वेळ दुपारी १:१२. दुसरीची १:१५. म्हणजे सोमवतीच्या गर्दीत, हवेत एवढा भंडारा उडत असताना, तीन मिनिटांत तू लेन्स काढलीस आणि दुसरी लावलीस. कॅमेऱ्याचं तोंड उघडं!

आता पुढचा फोटो काढ बाहेर, पुरंदरची सांज. निरभ्र आकाश, खाली गडाची काळी कडा. आकाशात मी अकरा डाग मोजले, करड्या रंगाचे, तुरीच्या डाळीएवढे. खंडोबा प्रसन्न झाला तो थेट सेन्सरवर. जेजुरीच्या फ्रेममध्ये ते दिसत नाहीत, कारण तिथे लेन्स बरीच उघडी होती आणि समोर गर्दी होती. पुरंदरला तू एफ/२२ लावलंस. लेन्सचं भोक जितकं बारीक, तितकी सेन्सरवरच्या धुळीची सावली गडद, आणि मोकळं आकाश म्हणजे तिला पांढरी भिंतच. ब्लोअरने उडव. तोंडाने फुंकर नको, थुंकी चिकटते. रुमाल तर नकोच. हळद चिकट असते, ब्लोअरने जाणार नाही असं वाटलं तर सर्व्हिस सेंटरला ओलं क्लिनिंग करून घे. पुढच्या सोमवतीला एकच लेन्स लावून जा, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांध, आणि घरी येऊन पिशवी अंगणात सोड.

लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डाग काढायच्या साधनात 'व्हिज्युअलाइज स्पॉट्स' अशी एक खूण आहे. ती लावली की आकाश काळं होतं आणि डाग पांढरे चमकतात. नाही सापडली तर कॉन्ट्रास्ट तात्पुरता शेवटपर्यंत ओढ, डाग आपोआप पुढे येतील. यावर मी ठेच खाल्लेली आहे. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या फोटोत एक केस होता, सेन्सरवरचा, ढगाच्या आडोशाला. एका एजन्सीने परत पाठवला तेव्हा मी त्यांनाच शहाणपण शिकवणारा मेल लिहिला. पाठवायच्या आधी फोटो एकदा उघडला म्हणून अब्रू वाचली.

एफ/२२ चं आणखी एक. सगळं शार्प यावं म्हणून तू ते लावलंस ना? होतं उलटं. भोक फार बारीक केलं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. तुझ्या कॅमेऱ्यावर एफ/८ ते एफ/११ ला थांब. गडाच्या कडेला जांभळी किनार दिसतेय ती लेन्सची खोड आहे, सगळ्या स्वस्त लेन्सना असते, रॉ उघडताना एका टिकेत जाते. तू ती टीक केली नाहीस.

अंजीर. पांढऱ्यावर कापलेलं, आतला गर लालबुंद. उजेड चांगला, फोकस चांगला, आयएसओ १००. मग काय झालं? लेन्स जवळ जाईना म्हणून तू लांबून काढलंस आणि कापत कापत २१०० बाय १४०० वर आणलंस. ते झाले तीन मेगापिक्सेलपेक्षा कमी. शटरस्टॉक असो की अ‍ॅडोबी स्टॉक, दोघांचीही खालची हद्द ४ मेगापिक्सेल आहे. म्हणून तू सॉफ्टवेअरने ताणून ते ६००० केलंस. नऊवारीचं कापड नसेल तर खेचून पाचवारीची नऊवारी होत नाही. बियांच्या कडा रबरासारख्या झाल्यात. एक्स्टेन्शन ट्यूब घे, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, आत काचच नसते तिच्यात, म्हणून स्वस्त मिळते. तिने हीच किट लेन्स अंजिराच्या पुढ्यात जाऊन बसते. ताणणं बंद. उलट करायला हरकत नाही: पूर्ण २४ मेगापिक्सेलचा फोटो किंचित मऊ असेल तर १२ वर उतरव, पुष्कळदा तेवढ्याने सुधारतो. हातचलाखी नव्हे ही, सगळे करतात. पण आउट फोकस त्याने सुधारत नाही.

'गुणवत्तेच्या त्रुटी' ही एक पोतडी आहे. तुझ्याच फोटोंत बघ: फोकस, हलणं, नॉइज, मेण, उतू गेलेला रंग, धूळ, किनार, ताणलेली फाइल. सगळं तिच्यात कोंबलेलं. तपासणाऱ्याला प्रत्येकाला चिठ्ठी लिहायला सवड नसते. पोतडीत आणखी एक गोष्ट असते जी कोणी उघड सांगत नाही: फोटो तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ असतो, पण उजेड मेलेला, विषय कुठे ते कळत नाही, विकत घेऊन करायचं काय ते कळत नाही. तोही याच शिक्क्याखाली परत येतो. तुझ्या मित्राचे साधे फोटो पास झाले ते बहुधा म्हणूनच. साधा म्हणजे दुपारच्या उजेडात, एफ/८ ला, एकच वस्तू, मागे मोकळी जागा. असे फोटो इन्स्टावर चाळीस लाइकही घेत नाहीत. आणि तपासणारी माणसं वेगवेगळी असतात, एक सोडतो तो दुसरा अडवतो, हेही खरं. काठावरच्या फोटोत नशीब चालतं. तुझे हे काठावरचे नव्हते.

आपल्याकडचे म्हणून नाकारतात का, या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: या चारही विषयांचे फोटो मी नाकारले असते, आणि मी सासवडपासून तासाभरावर राहतो.

एक मात्र वेगळं ठेव. जेजुरीच्या फोटोत चेहरे ओळखू येतात. त्यांच्या सहीच्या परवानगीशिवाय तो जाहिरातीच्या वापरासाठी विकता येत नाही, एडिटोरियल म्हणून, म्हणजे बातमी-लेखांच्या वापरासाठी, द्यावा लागतो, खाली जागा आणि तारीख लिहून. हा नियम निराळा, त्याचं रिजेक्शनही निराळ्या शब्दांत येतं. सगळ्या नकारांची एकच मोळी बांधू नकोस.

आता पैसे. अ‍ॅडोबी स्टॉक फोटोमागे ३३ टक्के देतं. शटरस्टॉकवर २०२० पासून १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. सबस्क्रिप्शनवाल्याने उचललेल्या फोटोचे कधी कधी दहा सेंट मिळतात. पाच पास फोटोंच्या जिवावर १ लाख ४० हजारांचा हप्ता काढायला निघालास तर लग्नाच्या ऑर्डरींचे पैसेही त्यात जातील. वर फुल फ्रेमवर तू भाकरीचा फोटो ट्यूबलाइटखालीच काढशील, सगळे पॉइंट चालू ठेवून, आणि बांगड्या आणखीच शार्प येतील. किट लेन्सबद्दल सांगायचं तर एफ/८ ला ती कुठल्याही तपासणाऱ्याच्या डोळ्याला पुरते. पूर्ण उघडी ठेवलीस की कोपरे ढेपाळतात, हे खरं.

महिनाभर काही अपलोड करू नकोस. रोज एक जुना फोटो शंभर टक्क्यांवर उघड, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू कर आणि शेतात पाभर चालवावी तसा ओळीने खाली ये. आधी जिथे फोकस हवा ती जागा, मग सर्वात काळा भाग, मग उजेड-अंधाराच्या कडा, मग आकाश. काढला त्या दिवशी तपासू नकोस, त्या दिवशी आपण प्रेमात असतो.

आणि हे काय पाठवलंयस? अंजिराच्या फोल्डरमध्ये चुकून एक जादा फाइल आलीय, जिचा पत्रात उल्लेख नाही. कुणाचे तरी हात पाटीत अंजिरं भरताहेत, खाली पानं अंथरलेली, चेहरा फ्रेमच्या बाहेर, सकाळचं तिरपं ऊन. एफ/८, १/२००, आयएसओ २००. मी तेवीसही खिडक्या बघितल्या. अंजिराच्या सालीवरची पांढरी भुकटी दिसते, अंगठ्याच्या नखातली माती दिसते. उजवीकडे खोक्यावर व्यापाऱ्याचं नाव छापलंय ते कापून टाक, तेवढं कापूनही १७-१८ मेगापिक्सेल उरतात. वर डाव्या कोपऱ्यात एक डाग आहे, तो जेजुरीचाच. तो काढ आणि पाठव.